एचआयव्ही पसरू नये म्हणून नर्स नेमकं करते काय? बेळगाव भागातल्या एका सिस्टरचं उत्तर

प्रश्न विचारलाय जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाच्या, दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीनं, घर खानापूर बाजूला, नुकतीच वॉर्ड पोस्टिंग सुरू झालीय. तिचं म्हणणं असं: "ताई, सीनियर सांगतात पॉझिटिव्ह पेशंट आला की फाईलवर लाल खूण करायची, त्याला डबल ग्लोव्हज घालून हात लावायचा, झालं आपलं काम. औषध डॉक्टर देतात, टेस्ट लॅबवाले करतात, समजवायला काउन्सेलर आहेत. मग एचआयव्ही रोखण्यात नर्सची भूमिका म्हणून जो प्रश्न परीक्षेला येतो त्यात लिहायचं काय? आणि खरं सांगू का, मला भीती पण वाटते."

परीक्षेचं उत्तर पुस्तकात आहे ते पाठ कर आणि मार्क घे, त्यात काही चुकीचं नसतं. मी ड्युटीवरचं सांगते. बरीच वर्षं लेबर रूम, मेडिकल वॉर्ड आणि एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या देणारं सेंटर, असं फिरून झालंय, त्यामुळं थोडं लांबेल, चहा घेऊन बस.

आधी ती लाल खूण. ती करू नको, कुणी सांगितलं तरी करू नको. एक तर तो कायद्याचा मामला आहे. २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, त्यात माणसाच्या लेखी संमतीशिवाय त्याचं स्टेटस उघड करायला मनाई आहे, आणि कॉटला बोर्ड लावणं, फाईलवर खूण करणं म्हणजे उघड करणंच झालं की, झाडूवाल्यापासून शेजारच्या पेशंटच्या मेहुण्यापर्यंत सगळ्यांना कळतं. पण कायदा बाजूला ठेव, नुसतं डोकं लावून बघ. ज्याच्या फाईलवर खूण आहे त्याला आपला आजार माहीत आहे, बहुतेक वेळा तो गोळी घेतोय, त्याच्या रक्तात व्हायरस दाबलेला आहे. आणि शेजारच्या कॉटवर हायवेवर अपघात होऊन आलेला जो ड्रायव्हर आहे त्याची जन्मात कधी टेस्ट झालेली नाही, त्याला तू घाईत उघड्या हातानं कॅन्युला लावतेस. मग धोका कुठं जास्त? शिवाय टेस्ट निगेटिव्ह आली म्हणजे निवांत असंही नाही, संसर्ग झाल्यावर पहिले काही आठवडे टेस्टमध्ये काही दिसतच नाही, विंडो पिरियड म्हणतात तो हाच. म्हणून नियम एकच, प्रत्येकाचं रक्त सारखं समजायचं. रक्ताशी काम आहे तिथं प्रत्येकाला ग्लोव्हज, नाही तिथं कुणालाच नाही. बीपी बघायला, गोळी द्यायला, अंग पुसायला, जेवणाचं ताट द्यायला ग्लोव्हज घालून गेलीस तर तो पेशंट दुसऱ्या दिवशी डामा, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज, घेऊन जातो, आणि जातो तो परत येत नाही.

आणि हा परत येत नाही हाच सगळा मुद्दा आहे. टेस्टसाठी येणं, रिपोर्ट घ्यायला येणं, गोळ्या सुरू करायला येणं, दर महिन्याला येणं, बायकोला घेऊन येणं, बाळाला घेऊन येणं, यातली एक जरी पायरी सुटली तरी तिथून पुढं संसर्ग मोकळा सुटतो. आणि या प्रत्येक पायरीवर दारात कोण उभं असतं? आपणच. डॉक्टर पाच मिनिटं बघतात, त्यांचा दोष नाही, ओपीडीची गर्दी बघितलीच असशील. पण माणूस पुढच्या वेळी येणार की नाही ते बहुतेक वेळा नर्सच्या तोंडावर आणि आवाजावर ठरतं. एचआयव्ही रोखायचं आपलं काम म्हणजे मला विचारशील तर हे, माणूस तुटू द्यायचा नाही.

आता सुईचं बोलूया, कारण भीती वाटते म्हणालीस ती सुईचीच असणार.

सुई टोचते कधी? इंजेक्शन देताना फार कमी. टोचते ती नंतर. टोपण परत बसवताना, ही सगळ्यात जुनी खोड आणि सगळ्यात वाईट. मग कुणीतरी बोलावलं म्हणून सुई किडनी ट्रेमध्ये कापसाखाली ठेवून गेलीस आणि परत येऊन कापूस उचललास तेव्हा. किंवा तुला टोचतच नाही, ट्रे धुणाऱ्या मावशींना टोचते. किंवा कचऱ्याच्या पिशवीतून बाहेर आलेली सुई पिशवी उचलणाऱ्याच्या मांडीला लागते. या लोकांना ना कुणी ट्रेनिंग देतं ना त्यांना तक्रार कुठं करायची ते माहीत असतं, आणि टोचलं तरी "ओरडतील" म्हणून गप्प बसतात. म्हणून सुई वापरली की तिथंच, त्याच मिनिटाला, आपल्याच हातानं हब कटरमध्ये, म्हणजे सुई कापायच्या यंत्रात. टोपण नाही, वाकवणं नाही, दुसरीच्या हातात देणं नाही. सुया आणि ब्लेड पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, तो डबा पाऊण भरला की बंद, वर दाबून दाबून भरायचा नाही. ग्लोव्हज आणि सलाईनच्या नळ्या लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्यात, काचेचे अँप्युल निळ्या डब्यात. सांडलेल्या रक्तावर आधी कापड किंवा टिश्यू टाकायचा, त्यावर एक टक्का हायपोक्लोराइट ओतायचं, दहावीस मिनिटं ठेवायचं आणि मग पुसायचं, लगेच फडकं मारून पसरवायचं नाही. हे सगळं तुला माहीत आहे, मला माहीत आहे, पण रात्री तीन वाजता एकटी असताना जी करते तीच खरी नर्स, बाकी सगळं इन्स्पेक्शनपुरतं.

आणि तरीसुद्धा टोचली समज. पहिलं, घाबरून बोट तोंडात घालू नको, हसू नको, लोक घालतात. दाबून रक्त काढू नको. स्पिरिट, डेटॉल, ब्लीच काही ओतू नको. साबण आणि वाहतं पाणी, बस. डोळ्यात उडालं असेल तर नुसत्या पाण्यानं किंवा सलाईननं धू. मग लगेच सिस्टर इन्चार्जना आणि ड्युटी डॉक्टरांना सांगायचं, ड्युटी संपल्यावर नाही. पीईपी म्हणून लागण होऊ नये यासाठीच्या गोळ्या असतात, त्या जितक्या लवकर तितकं चांगलं, पहिल्या दोन तासांत सुरू झाल्या तर उत्तमच, ७२ तासांनंतर उपयोग नाही, आणि रोज एक अशा २८ दिवस पूर्ण घ्यायच्या. पाचव्या दिवशी मळमळतंय म्हणून सोडणाऱ्या खूप जणी बघितल्यात मी, तसं करायचं नाही, रात्री जेवून झोपताना घे. त्याच दिवशी स्वतःची टेस्ट करून नोंद करायची, पुढच्या टेस्टा सांगितलेल्या तारखेला.

भीतीचं मापही सांगते. एचआयव्ही असलेल्या रक्ताची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के, म्हणजे तीनशे वेळा टोचलं तर एखाद्या वेळी, आणि तेही गोळ्या घेतल्या नाहीत तर. हेपॅटायटिस बी मात्र लस घेतली नसेल तर ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. आपल्या पोरी एचआयव्हीला घाबरतात आणि ज्याची लस फुकटात मिळते त्याचे तीन डोस पूर्ण करत नाहीत, याला काय म्हणायचं सांग.

सुईचीच दुसरी बाजू गावातली. आपल्याकडं लोकांना सुई पाहिजेच असते. "गोळीनं काय हुतंय सिस्टर, एक सुई मारा की," हे तू निपाणीपासून अथणीपर्यंत कुठंही ऐकशील. सरकारी दवाखान्यात नाही मारली तर मग कुठल्या तरी बिनडिग्रीच्या डॉक्टरकडं जातात, तो मारतो, आणि तो सिरींज नवी काढतो का जुनीच उकळतो देव जाणे. २०१८ साली उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातल्या बांगरमऊ भागात अशाच एका बोगस डॉक्टरवर वापरलेल्याच सुया परत वापरून लोकांना एचआयव्ही दिल्याचा आरोप झाला, पेपरात सगळीकडं आलं होतं. त्यामुळं सब सेंटरला बसून बायकांना एवढं शिकवलंस तरी पुष्कळ, की सुई घ्यायचीच असेल तर सिरींजचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला लावा, आणि फोडत नसेल तर उठून या.

आता लेबर रूम. माझ्या हिशोबानं नर्स जास्तीत जास्त संसर्ग कुठं थांबवते तर इथं. आई पॉझिटिव्ह आहे आणि काहीच उपचार नाहीत तर पोटात, बाळंतपणात आणि दुधातून मिळून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के. आईला वेळेत गोळ्या सुरू झाल्या, बाळाला सिरप मिळालं, तर तीच शक्यता पाच टक्क्यांच्याही खाली येते, दोनवर पण येते. एवढा फरक दुसऱ्या कुठल्या कामात दिसतो सांग मला.

यासाठी पहिल्या तीन महिन्यांतच प्रत्येक गरोदर बाईची टेस्ट व्हायला पाहिजे, एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्ही. सब सेंटरला बोटातून थेंब घेऊन होते ती चाळणी टेस्ट, त्यात रिऍक्टिव्ह आलं म्हणजे पॉझिटिव्ह असं नव्हे, ते आयसीटीसीला, म्हणजे सरकारी एचआयव्ही तपासणी-समुपदेशन केंद्रात, वेगवेगळ्या तीन किटवर बघून मगच सांगायचं. तोवर बाईच्या चेहऱ्याकडं बघून भुवई पण हलवायची नाही. "रक्त परत बघायचंय, बेळगावला जाऊन या, मी चिठ्ठी देते," एवढंच, आणि सोबत आशाला पाठवायचं असेल तर आधी त्या बाईला विचारून.

आणि इथंच आपल्या भागातली मोठी भानगड आहे जी पुस्तकात कुठंच लिहिलेली नसते. आपल्या मुली सीमेपलीकडं दिलेल्या आणि तिकडच्या मुली इकडं आलेल्या. निपाणीची मुलगी कागलला, खानापूरची चंदगडला, गडहिंग्लजची हुक्केरीला. पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे सासरी महाराष्ट्रात नाव घातलं, टेस्ट तिथं झाली, सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं की माहेरी कर्नाटकात आली, आणि कार्ड राहिलं सासूच्या ट्रंकेत. किंवा उलटं, इकडं तायी कार्ड, म्हणजे गरोदर बाईचं सरकारी कार्ड, काढलेलं, सगळं कन्नडमध्ये, आणि बाळंतपणाला गेली आजऱ्याला, तिथल्या सिस्टरला कन्नडचं अक्षर येत नाही. पॉझिटिव्ह असलेली बाई अशा वेळी काय करते? गप्प बसते. आईबापाला सांगितलेलं नसतं, गोळ्या संपत आलेल्या असतात, इथं कुठं मिळतात माहीत नसतं. महिनाभर गोळ्या बंद, आणि बाळंतपणाच्या ऐन वेळी रक्तातला व्हायरस परत वर.

म्हणून एएनसीच्या, म्हणजे गरोदरपणातल्या तपासणीच्या, वेळीच, सगळ्या बायकांना, पॉझिटिव्ह असो नसो, दोन गोष्टी विचारायची सवय लाव: बाळंतपण कुठं करणार, आणि कधी जाणार. उत्तर ऐकून जी गोळीवर आहे तिच्यासाठी ट्रान्सफरचा कागद आधीच करून घ्यायचा, पुरेशा गोळ्या सोबत द्यायच्या, आणि तिकडच्या सेंटरला फोन करून ठेवायचा. एआरटीच्या गोळ्या राज्य बदललं तरी तशाच मिळतात, प्रोग्रॅम देशभर एकच आहे, हे लोकांना माहीतच नसतं. आणि लेबर रूमला कागदाशिवाय आलेली प्रत्येक बाई, मग ती रात्री दोनला कळा देत आलेली का असेना, तिला विचारून तिथंच टेस्ट करायची. उशीर झालाय म्हणून सोडायचं नाही, बाळाचं सिरप तरी वेळेवर सुरू होतं.

बाळाचं सिरप म्हणजे नेव्हिरापीन. जन्मल्यावर होईल तितक्या लवकर पहिला डोस, मग रोज, निदान सहा आठवडे. कुणाला जास्त आठवडे, कुणाला एकाऐवजी दोन औषधं, ते आईच्या गोळ्या कधी सुरू झाल्या आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला व्हायरस, किती यावर डॉक्टर ठरवतात. आपलं काम म्हणजे आईला सिरींजनं मोजायला शिकवणं, आणि नुसतं दाखवणं नाही, तिच्याकडून आपल्यासमोर भरून घेणं. दोन वेळा तरी भरायला लाव. बाळंतीण थकलेली असते, मान हलवते आणि घरी जाऊन झाकणानं पाजते.

पण खरी लढाई घुटीची. सहा महिने नुसतं आईचं दूध, वर काही नाही. पॉझिटिव्ह आईनं नुसतं दूध पाजलं, गोळ्या नीट घेतल्या, तर धोका कमी. दुधासोबत मध, घुटी, गाईचं दूध, साखरपाणी असं मिसळलं की बाळाच्या आतड्याचं अस्तर दुखावतं आणि धोका वाढतो. आता हे आजीला सांगणार कसं? आजी पदराला घुटीचं सामान बांधूनच वॉर्डात येते. सांगायला गेलं तर "का? माझ्याच नातवाला का?" हा प्रश्न येतो, आणि त्याला उत्तर दिलं की सगळं उघडं पडतं. यावर आम्ही जे करायचो ते साधं आहे. सकाळी राऊंड झाला की सगळ्या कॉटांसमोर उभं राहून, सगळ्या आज्यांना एकदम, मोठ्यानं: "ऐका हो, या वॉर्डातल्या एकाही बाळाला सहा महिने वरचं काही द्यायचं नाही. घुटी नाही, मध नाही, पाणी सुद्धा नाही." एक आजी तोंड वाकडं करून म्हणायचीच, "आमी सात पोरं वाढिवली की घुटीवर, खरं आता ह्यांचं ऐकायचं." मी म्हणायची, "वाढवली आज्जी, तुमच्या हाताला गुण आहे. खरं आता सरकारचा नियम आलाय, माझी नोकरी घालवू नका." सगळ्या हसायच्या आणि घुटी पिशवीत परत. नियम तसाही सगळ्या बाळांसाठी तोच आहे, खोटं काही नाही, आणि त्या एका कॉटकडं कुणाचं लक्ष जात नाही. घरी गेल्यावर किती जणी पाळतात ते वेगळं, पण निदान त्या आईला सासूसमोर म्हणायला एक वाक्य मिळतं, सिस्टरनी सगळ्यांनाच सांगितलंय म्हणून.

तशीच गंमत सहा आठवड्यांच्या टेस्टची. बाळाच्या टाचेतून थेंब घेऊन कागदावर वाळवून पाठवतात, डीबीएस. ती वेळ आणि सहा आठवड्यांच्या लसीची वेळ एकच. बाकीची बाळं लस टोचून रडत असतात, हेही रडतं, कुणी विचारत नाही. तारीख देताना लसीचीच तारीख दे, वेगळा फेरा मारायला लावला की येत नाहीत. त्या टेस्टवर सगळं संपत नाही, पुढंही टेस्ट असतात आणि पक्कं काय ते १८ महिन्यांनी, कारण तोवर आईकडून आलेल्या अँटिबॉडी बाळाच्या रक्तात असू शकतात. हे आईला नीट सांगितलं नाही तर एखाद्या खाजगी लॅबमधून नवव्या महिन्यातच साधी टेस्ट करून घेते आणि पॉझिटिव्ह आलं म्हणून घरात रडारड. झालंय असं.

बोलण्याबद्दल थोडं. आपल्या वॉर्डात एका रांगेत मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारे पेशंट असतात. अथणी-रायबाग-गोकाककडचा माणूस कन्नडमध्ये बोलतो, तुला येत नसेल तर तू काय करशील, शेजारच्याला म्हणशील जरा सांगा की यांना. एचआयव्हीच्या बाबतीत हे कधीच करायचं नाही. नवरा दुभाषा नको, शाळेत जाणारा मुलगा तर अजिबात नको. कन्नड येणारी दुसरी सिस्टर बोलव, दहा मिनिटं थांबावं लागलं तर थांब. आणि कामापुरतं कन्नड शीक बाई, सीमावाद आपल्या जागी, पेशंटला त्याच्या भाषेत "गोळी रोज घ्या, बंद करू नका" एवढं सांगता आलं पाहिजे. तसंच कन्नड सिस्टरनी पण मराठी शिकावं, बऱ्याच जणी शिकतात पण.

आवाज. कॉरिडॉरमधून "अगं ती एआरटीवाली बाई कुठं गेली?" असं ओरडायचं नाही. बेळगावला सिव्हिलला कुठल्याही दिवशी ये, तुझ्या गावचं कुणीतरी भेटतंच, कुणाची तरी मावशी ऍडमिट असते. म्हणूनच तर खानापूरचे काही लोक गोळ्या घ्यायला गोव्याला जातात आणि निपाणी-चिकोडीचे कोल्हापूर-मिरजेला. काही सिस्टर त्यांना रागावतात, "इथं सोय असताना तिकडं कशाला मरायला जाता?" रागावू नको. त्याला तिथं मोकळं वाटतं तर जाऊ दे, गोळी चालू आहे ना, मग झालं. फक्त विचार की बसभाडं नसलं तर काय करतोस, पावसात आंबोली-चोर्ला घाट बंद झाला तर काय करतोस, आणि चार गोळ्या कायम जास्तीच्या जवळ ठेवायला सांग.

गोळीचं महत्त्व तुला कळायला पाहिजे, कारण आता प्रतिबंध म्हणजे मुख्य तीच आहे. २००४ साली सरकारनं फुकट एआरटी सुरू केली तेव्हा सीडी फोर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, कमी झाल्याशिवाय गोळी मिळत नसे. २०१७ पासून टेस्ट पॉझिटिव्ह आली की लगेच उपचार, थांबायचं नाही. आता बहुतेक मोठ्या माणसांना टीएलडी म्हणून तीन औषधांची मिळून एक गोळी असते, दिवसातून एकदा. नीट घेतली की साधारण सहा महिन्यांत व्हायरस इतका कमी होतो की मशीनला सापडत नाही, आणि तसा तो टिकून राहिला तर त्या माणसाकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. ही गोष्ट पेशंटला सांगायला बऱ्याच सिस्टर कचरतात, म्हणतात मग ते निरोध वापरणार नाहीत. अगं, निरोध वापरायला सांग की, बाकीचे गुप्तरोग आहेतच, आणि खोबरेल तेल लावू नको म्हणून पण सांग, त्यानं फाटतो. पण तुझी गोळी तुझ्या बायकोला पण वाचवते हे ऐकल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो ते एकदा बघ. तो माणूस मग गोळी चुकवत नाही.

चुकवली का हे विचारायची पण एक पद्धत असते. "गोळ्या चुकवत नाही ना?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, नाही सिस्टर. त्यापेक्षा "गेल्या महिन्यात लग्नं-जत्रा फार होत्या, किती राहिल्या गोळ्या?" असं विचार. मग तो सांगतो, चिंचलीला मायाक्काच्या जत्रेला गेलो होतो, सगळे एकाच गाडीत, डबी काढता आली नाही. आता यावर बोलता येतं. गोळ्या मूळ डबीतून काढून साध्या डबीत ठेव, जेवणानंतर बीपीची म्हणून घे, काही का सांगेनास पण घे. ऊसतोडीला जाणारे, ट्रकवर असणारे, गोव्याला बांधकामावर जाणारे, यांचं वेळापत्रक त्यांच्याकडूनच समजून घ्यायचं. हंगाम सुरू झाला की टोळी सहा महिने फडात, तिथून दर महिन्याला कोण येणार? तब्येत आणि व्हायरल लोड ठीक असेल तर दोनतीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देता येतात, डॉक्टरांना आठवण करून देणं आपलं काम. आणि प्रत्येक फेरीला खोकला, ताप, वजन आणि रात्रीचा घाम या चार गोष्टी विचारायच्याच, टीबी सगळ्यात आधी तिथंच पकडला जातो.

नवऱ्याचा विषय मात्र सगळ्यात अवघड. एक प्रसंग सांगते, ओळख पटणार नाही असा बदलून. एएनसीला आलेली बाई, पहिलटकरीण, पॉझिटिव्ह. मला म्हणाली, "सिस्टर, ह्यांना सांगू नका, मला माहेरी सोडतील. खरं लागण त्यांच्याकडूनच असणार की." आता तिच्या परवानगीशिवाय मी सांगू शकत नाही, सांगणारही नाही. पण तो टेस्टला आला नाही तर पुढं काय होणार तेही दिसत होतं. मग तिलाच विचारून असं ठरवलं, की गरोदर बाईच्या नवऱ्याचं रक्त बघायची पद्धतच आहे म्हणून त्याला निरोप द्यायचा, पद्धत आहेच, जोडप्यानं मिळून टेस्ट करावी असं आपण सगळ्यांनाच सांगतो. तो कुरकुरत आला. त्याचा रिपोर्ट काउन्सेलरनी त्याला एकट्याला सांगितला. बाहेर बाकड्यावर बराच वेळ खाली मान घालून बसला होता. मग मला म्हणाला, "सिस्टर, हिला कसं सांगू?" तेव्हा कुठं दोघांना एका खोलीत बसवलं. प्रत्येक वेळी असं सुरळीत होतं असं नाही, मारहाणीची भीती असेल तर घाई अजिबात करायची नाही, आधी तिची सोय बघायची. पण नवरा कसा बोलावायचा हे वाक्य तयार करणं, तिच्यासोबत बसून, हे काउन्सेलर सुट्टीवर असला तरी तुला जमलं पाहिजे.

आपल्या जिल्ह्याबद्दल एक सांगितलंच पाहिजे. एकेकाळी नॅकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या, यादीत बेळगाव जास्त संसर्ग असलेल्या अ वर्गातल्या जिल्ह्यांत होता. अथणी, रायबाग, सौंदत्ती या पट्ट्यात देवदासी सोडायची चाल होती, कर्नाटकात १९८२ च्या कायद्यानं बंदी आली तरी त्या बायका आणि त्यांची मुलं आहेतच. त्यांच्यातल्याच बायकांनी घरोघर फिरून निरोध वाटले, टेस्टला माणसं आणली, आकडे खाली यायला त्यांचं काम मोठं आहे, आणि ते आपण हॉस्पिटलवाले फार कमी वेळा मान्य करतो. अशी बाई सुरक्षा क्लिनिकला, म्हणजे गुप्तरोगाच्या सरकारी दवाखान्यात, अंगावरून पांढरं जातंय म्हणून आली तर तिच्याशी "बसा अक्का" म्हणून बोलायचं, तुझ्या घरच्या कुणाशी बोलशील तसं. गुप्तरोगाची जखम असली की एचआयव्ही लागायला आणि द्यायला दोन्हीला वाट मोकळी होते, त्यामुळं ती पुढच्या वेळी आली पाहिजे आणि चार मैत्रिणी घेऊन आली पाहिजे. मी एका ठिकाणी बघितलंय, अशा बाईला स्टूल पुसून घ्यायला लावलं होतं उठताना. ती परत कशाला येईल?

डास, ताट, संडास, मिठी यातून होत नाही हे तुला सांगायची गरज नाही, पण वॉर्डातल्या मावशींना, वॉचमनला, घरच्या सासूला सांगायची असते, आणि ते तोंडानं सांगून पटत नाही. त्या पेशंटच्या कॉटवर बसून बीपी घे, त्याच्या घरच्यांनी दिलेला चहा घे. त्यानं जास्त पटतं.

भीतीबद्दल विचारलं होतंस, ती जाणार नाही आणि पूर्ण जाऊ पण नये, नाहीतर हात सैल पडतो. फक्त ती सगळ्यांच्या रक्ताला सारखी वाटू दे. पुढच्या आठवड्यात नाईट लागणार आहे म्हणालीस ना, तर त्याआधी तीन गोष्टी करून ठेव. हेपॅटायटिस बीचा तिसरा डोस झालाय का ते कार्डावर बघ. हब कटर चालतो का ते बघ, कित्येक वॉर्डात शोभेला असतो, बंद असेल तर इन्चार्जना लेखी दे. आणि पीईपीच्या गोळ्या रात्री कुठल्या कपाटात असतात, किल्ली कुणाकडं असते, त्या माणसाचा फोन नंबर काय, ते विचारून वहीत लिहून घे. विद्यार्थिनी असलीस तरी ड्युटीवर टोचलं तर गोळ्या मिळाल्याच पाहिजेत, कुणी टाळाटाळ केली तर त्याच रात्री ट्यूटरना फोन कर, सकाळची वाट बघू नको.